प्रणालीतला साठा आणि रॅकवरचा साठा

प्रश्न : भोसरी एमआयडीसीत आमचा वाहनांचे सुटे भाग बनवण्याचा कारखाना आहे. गेल्या वर्षी आम्ही ईआरपी प्रणाली (खरेदी, साठा, उत्पादन आणि हिशेब एकत्र सांभाळणारे सॉफ्टवेअर) बसवली, तरीही ऐन वेळी माल कमी पडतो, डिस्पॅच लांबतो. प्लेटिंगला, म्हणजे धातूचा मुलामा चढवायला, बाहेर जाणारा माल स्टोअरकीपर अजून वहीतच लिहितात. आम्ही प्रणालीच चुकीची निवडली का?

उत्तर : प्रणाली बदलण्याआधी ती वही पाहा. मागणीतून हातातला साठा आणि येऊ घातलेली खरेदी वजा करून काय, किती आणि केव्हा मागवायचे, हे ईआरपी सांगते; साठ्याचा आकडाच खरा नसेल, तर वजाबाकी अचूक होऊनही खरेदी चुकते. सकाळी प्लेटिंगला गेलेला माल संध्याकाळी प्रणालीत चढत असेल, तर दिवसभर तो तिच्या लेखी रॅकवरच असतो आणि त्याच्या भरवशावर कोणीतरी ग्राहकाला तारीख देऊन बसतो.

अमेरिकेतील हर्शी या चॉकलेट कंपनीने १९९९ मध्ये हे भोगले. ११ कोटी २० लाख डॉलरचा, ४८ महिन्यांचा म्हणून सुचवलेला ईआरपीचा प्रकल्प तिने ३० महिन्यांत उरकायला घेतला आणि ऑक्टोबरअखेरच्या हॅलोविन सणाच्या मागणीच्या तोंडावर सारे एकदम सुरू केले. हंगामात जादा माल कारखान्यातल्या मोकळ्या खोल्यांत ठेवण्याची तिथे जुनी रीत होती, पण साठवणुकीची जागा म्हणून त्या खोल्यांची नव्या प्रणालीत नोंदच नव्हती. घाईचा दोष मोठा होताच. तरी माल तयार असून तो प्रणालीला दिसू नये, हे मला अधिक बोलके वाटते. सुमारे १० कोटी डॉलरच्या मागण्या अपुऱ्या राहिल्या आणि त्या तिमाहीचा नफा १९ टक्क्यांनी घसरला.

तुमची खोली म्हणजे प्लेटिंगवाल्याचे शेड. प्रत्येक जॉब वर्करला (बाहेर काम करून देणाऱ्याला) प्रणालीत साठ्याची स्वतंत्र जागा द्या आणि प्रणालीतून छापलेल्या चलानाशिवाय गेटमधून माल सोडू नका. बिल ऑफ मटेरियलही, म्हणजे एका नगाला कोणता माल किती लागतो त्याची यादी, तपासा : नगाला १.२ किलो सळई लिहिली असेल आणि कापणीच्या तुकड्यांसह १.३ किलो लागत असेल, तर हजार नगांमागे १०० किलो पोलाद कमी पडणारच. स्टोअरकीपरची वही मात्र हिसकावू नका. त्यांना शेजारी बसवून एकेक नोंद प्रणालीत कुठे बसते ते पाहा, कारण सल्लागाराने न विचारलेले बरेच काही त्या वहीतच सापडेल.