फोटो ब्लर आहेत, पक्षी कोणता?

प्रश्न: सर, आम्ही सोलापूरची माणसं, नान्नजच्या माळावर पक्षी बघतो, तिथं सगळं कसं उघड्यावर. सुट्टीत दांडेलीला गेलो तर गर्द झाडीत हा गप्प बसलेला, मोबाईलवरचे फोटो पाठवतोय, सगळे ब्लर. पाठ तपकिरी, पोट पिवळट. कोण असेल हो?

उत्तर: ही मलबार ट्रोगनची मादी वाटते, मराठीत कर्णा म्हणतात तो पक्षी. रंगावर फार जाऊ नका, दाट सावलीत मोबाईल रंग पार बदलून टाकतो, आकार बघा, ताठ बसलेली, मान आखूड, शेपटी लांब आणि टोकाला सरळ कापल्यासारखी, शिवाय एका फोटोत शेपटीच्या कडा खालून पांढऱ्या दिसतायत ना, तिथंच माझी खात्री पटली. नर असता तर डोकं काळं, छातीवर पांढरा पट्टा आणि पोट लालभडक दिसलं असतं. हे पक्षी बऱ्याचदा आपल्याकडं पाठ करून बराच वेळ हलतच नाहीत, त्यामुळं समोर असूनही सुटतात, तुम्हाला दिसला हे खरंच भारी! पुढच्या वेळी क्रॉप न करता ओरिजिनल फोटो पाठवा, आजूबाजूच्या पानांवरून साईझ कळते, आणि जमलं तर आवाजही रेकॉर्ड करा. फक्त रेकॉर्डिंग वाजवून त्याला जवळ बोलवू नका, विणीच्या काळात तर अजिबातच नको.