टेरेस आहे, पण गच्ची नाही

प्रश्न : माझ्या लेकीने आणि जावयांनी इंग्लंडमध्ये लीड्सला ‘टेरेस हाउस’ घेतलं. गच्चीचं घर घेतलं म्हणून मी गल्लीभर पेढे वाटले. आता फोटो आलेत, तर वर उतरतं छप्पर! त्याआधी त्यांनी एक बंगला पाहिला होता म्हणे, पण तो ‘म्हाताऱ्यांचा’ वाटला म्हणून सोडला. बंगला कोणी सोडतं का? – एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, पेढे वाया गेलेले नाहीत. तिकडे टेरेस म्हणजे एकमेकांना चिकटून ओळीने बांधलेली घरं. पुण्या-नाशकात बिल्डर ज्याला रो-हाउस म्हणतात, तेच. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांबरोबर सामाईक असतात. एकाच बाजूची सामाईक असेल तर ते सेमी-डिटॅच्ड, बोलताना नुसतं ‘सेमी’. चहूबाजूंनी सुटं असेल ते डिटॅच्ड. भावही साधारण याच क्रमाने चढतो. लेस्टरला भावाच्या सेमीत मी दीड महिना राहिलो. पलीकडचे आजोबा शिंकले की वहिनी भाजी चिरता चिरता इकडून ‘ब्लेस यू’ म्हणायची. तुमच्या लेकीला शिंका दोन्हीकडून ऐकू येतील, एवढाच फरक.

टेरेस म्हणजे गरिबाघरचं, असंही नाही बरं का. बाथ शहरातलं रॉयल क्रेसेंट 1767 ते 1774 या काळात बांधलं. चंद्रकोरीसारख्या वळणात 30 घरं, दारापुढे हिरवळ. तीही टेरेसच!

आता बंगला. शब्द आपल्याकडूनच गेला, बंगालमधल्या शाकारलेल्या बैठ्या घरावरून. इंग्रजांनी त्यातला बैठेपणा धरून ठेवला, आपण सुटेपणा आणि रुबाब. म्हणून आपल्याकडे दुमजली बंगला चालतो. तिकडे वर पुरता मजला चढला की ते नुसतं ‘हाउस’. जिना नाही म्हणून गुडघेदुखीवाल्यांची बंगल्यावर उडी पडते, आणि तरुण जोडपी नाक मुरडतात. सुरुवातीला मात्र थाट होता. 1870 च्या सुमारास केंटच्या समुद्रकाठी हवा खायला येणाऱ्या श्रीमंतांसाठी बंगले उठले. कवी आणि चित्रकार डँटे गॅब्रिएल रोझेटी 1882 साली वारले, ते बर्चिंग्टनच्या अशाच एका बंगल्यात.

फ्लॅट आणि अपार्टमेंट यांत मला तरी जाहिरातीच्या भाषेपलीकडे फरक दिसलेला नाही. कॉटेज म्हटल्यावर मात्र जपून. आज शनिवार-रविवारपुरतं गावाकडचं गोंडस घर डोळ्यांपुढे येतं, पण मुळात ती मजुराची झोपडी. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात तर कायदाच होता, की नवी कॉटेज बांधायची तर सोबत 4 एकर जमीन हवी.

लेकीचं घर लीड्सचं आहे, म्हणून एक गोष्ट तिला जरूर विचारा : मागचं दार आहे का? तिथे ‘बॅक-टू-बॅक’ नावाच्या घरांच्या ओळी अजून आहेत. त्यांची पाठीमागची भिंतसुद्धा दुसऱ्या घराची असते. 1909 च्या कायद्याने अशी घरं बांधायला बंदी झाली, तरी लीड्समध्ये ती 1937 पर्यंत बांधली जात होती. मागचं दार असेल तर मागे छोटंसं अंगण बहुधा असेल. उन्हाळ्यात गेलात तर पापड तिथे वाळवा. ऊन पडलं तर.