तिने सिनेमा पळवला, पण सोडला नाही

ताई,

मी आणि माझी मैत्रीण शाळेपासूनच्या. आता दोघी वेगवेगळ्या शहरांत, आपापल्या नोकरी-संसारात अडकलेल्या. भेटी फारशा होत नाहीत, पण एकमेकींना सिनेमे सुचवायचे आणि मग त्यावर तासन्‌तास बोलायचं, हे कधी थांबलं नाही. तिला रहस्य, पाठलाग, शेवटच्या पाच मिनिटांत सगळं उलटंपालटं करणारे सिनेमे आवडतात. मला संथ सिनेमे आवडतात, ज्यात फारसं काही घडत नाही पण माणसं कळत जातात.

गेल्या वर्षी आई गेली. ती हॉस्पिटलमध्ये होती तेव्हा मैत्रीण रोज रात्री फोन करायची. मी कॉरिडॉरमधल्या बाकावर बसलेली असायचे आणि ती मला कुठल्या तरी सिनेमाची गोष्ट सांगायची. अगदी शेवटाजवळ आणायची आणि 'बाकीचं उद्या' म्हणून फोन ठेवायची.

आई गेल्यावर काही दिवसांनी मी जपानी दिग्दर्शक ओझूचा 'टोकियो स्टोरी' बघितला. त्यात मला आमचंच घर दिसलं. मध्यंतरी तो मी मैत्रिणीला सुचवला. फार काही बोलले नाही, फक्त नाव पाठवलं. म्हटलं, तिला कळेलच. तिचा मेसेज आला, 'अर्ध्या तासात झोप यायला लागली गं! मग दीडपट वेगाने पळवला. म्हातारा-म्हातारी मुलांकडे जातात, परत येतात, म्हातारी मरते. एवढंच ना?' मी हसणारा चेहरा पाठवला आणि रात्रभर रडले.

तेव्हापासून मी तिला एकही सिनेमा सुचवलेला नाही. ती पाठवतच असते. सध्या मूळ मल्याळम 'दृश्यम' बघ म्हणून मागे लागली आहे. मी काहीही न बघताच 'मस्त होता' असं लिहून मोकळी होते. जिला माझा सिनेमा कळत नाही तिला मी तरी कळते का, हा प्रश्न सारखा छळतो.

– एक दुखावलेली मैत्रीण



प्रिय मैत्रिणी,

'म्हातारी मरते, एवढंच ना?' हे वाक्य तू तुझ्या आईबद्दल ऐकलंस. मग रात्रभर रडू येणारच. त्यात काही अति झालं असं मला वाटत नाही, आणि 'एका सिनेमावरून एवढं काय' असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नकोस. ते रडणं आईसाठी होतं.

पण तिने ते वाक्य एका जपानी म्हातारीबद्दल लिहिलं होतं. तुझ्या आईबद्दल लिहितेय हे तिला कळायला काही मार्गच नव्हता. तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं आणि प्रत्येक वेळी एकाच ओळीवर अडखळले: 'फक्त नाव पाठवलं, म्हटलं, तिला कळेलच.' तुझ्या दृष्टीने तू तिला आईच्या शेवटच्या दिवसांबद्दलचं एक लांबलचक पत्र पाठवलं होतंस. तिच्या हातात मात्र 1953 सालच्या एका काळ्या-पांढऱ्या सिनेमाचं नाव पडलं. तुम्ही दोघी आजवर जशी शेकडो नावं एकमेकींना पाठवत आलात, तसंच तेही एक.

सिनेमा पडद्यावर जितका असतो तितकाच तो बघणाऱ्याच्या आधीच्या दिवसांत असतो. सुमारे शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशोव्ह नावाच्या दिग्दर्शकाने एका नटाच्या निर्विकार चेहऱ्याचा एकच तुकडा घेतला आणि तो कधी सुपाच्या वाडग्याला जोडला, कधी शवपेटीला. बघणाऱ्यांना त्याच चेहऱ्यावर एकदा भूक दिसली, एकदा शोक. तो चेहरा जराही बदलला नव्हता, बदललं होतं ते त्याच्या शेजारचं दृश्य. तू 'टोकियो स्टोरी' बघायला बसलीस तेव्हा त्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्याशेजारी तुझ्या हॉस्पिटलचा कॉरिडॉर होता. तिच्यासाठी शेजारी काय होतं? बहुधा एक थकलेली संध्याकाळ आणि दुसऱ्या दिवशीचं काम. तुम्ही दोघींनी एकच सिनेमा बघितला, हे म्हणायलाच खरं.

दीडपट वेगाबद्दल मात्र मी तिची बाजू घेणार नाही. कुठलाही सिनेमा असा बघू नये आणि हा तर मुळीच नाही. ओझू दोन प्रसंगांच्या मध्ये कॅमेरा नुसता थांबवतो: धुराडी, वाळत घातलेले कपडे, कुणीही नसलेली खोली. वेग वाढवला की सगळ्यात आधी याच जागा हातातून निसटतात, आणि मागे उरतं ते कथानक, जे तिने तुला एका ओळीत सांगितलं. म्हातारी गेल्यानंतरच्या पहाटे म्हातारा एकटाच बाहेर उभा असतो. सून त्याला बोलवायला येते, तर तो म्हणतो की सूर्योदय फार सुंदर होता, आजही उकडणार बहुतेक. दुःखाबद्दल एक शब्द नाही. हे पळवत बघितलं तर म्हातारा हवामानाविषयी बोलतोय, एवढंच कळेल. तेव्हा तिला तो सिनेमा कळला नाही, हे खरंच आहे. पण तो कळावा अशी तिने त्याला संधीच दिली नाही. तिच्यात समज नाही असा निष्कर्ष त्यातून काढू नकोस.

आणि एक गोष्ट तुझ्या नजरेतून सुटली आहे. तिने तो बंद केला नाही. झोप येत होती, आवडत नव्हता, सव्वादोन तासांचा सिनेमा समोर होता आणि मागे लागायला तू तिथे नव्हतीस. दुसरं कुणी असतं तर सरळ उठून गेलं असतं. ती पळवत का होईना शेवटपर्यंत गेली, आणि म्हातारी मरते हे तिला म्हणूनच माहीत आहे. कुणासाठी बघितला तिने तो? मग तिने तुला खरं काय वाटलं ते सांगितलं. शब्द ओबडधोबड होते, पण खरे होते. तू मात्र तिचा एकही सिनेमा न बघता 'मस्त होता' लिहितेस. तुला दुखवायला मी हे लिहीत नाही. पण मैत्रीतलं अंतर कुठून पडायला लागलं असं विचारशील, तर मी तिच्या त्या मेसेजकडे बोट दाखवणार नाही. त्यानंतरच्या प्रत्येक 'मस्त होता'मध्ये ते थोडं थोडं वाढतंय. तिला अजून वाटतंय की तुमच्या गप्पा चालू आहेत, आणि दुसऱ्या टोकाला कुणीच नाही.

आता तुझा खरा प्रश्न. जिला माझा सिनेमा कळत नाही तिला मी कळते का?

कळतेस. त्याचा पुरावा तुझ्याच पत्रात आहे, आणि तू तो ओघात लिहून पुढे गेलीस. आई आजारी असताना ही मुलगी रोज रात्री फोन करून गोष्ट सांगत होती आणि शेवट दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवत होती. कुठल्या गोष्टी होत्या त्या? मी पैजेवर सांगते, तुला जे सिनेमे उथळ वाटतात तेच असणार. 'पुढे काय झालं' यावर उभे असलेले. हॉस्पिटलच्या बाकावर बसलेल्या माणसाला उद्याची भीती वाटत असते, आणि तिने त्या उद्यामध्ये एक छोटीशी उत्सुकता ठेवून दिली होती. संथ सिनेमाला ते जमलं नसतं. धुराडी आणि रिकाम्या खोल्या फोनवर सांगता येत नाहीत. ओझूने तुला आई गेल्यावर सावरलं आणि तिच्या रहस्यकथांनी आई असताना. मला यात वरचढ-खालचं काही दिसत नाही. अशा रात्री नेमकं काय द्यायचं हे जिला न सांगता सुचलं, तिला तू कळत नाहीस असं मी कसं मान्य करू?

एक मोह तुला होईल, तो टाळ. 'साइट अँड साउंड' नावाचं ब्रिटिश मासिक दर दहा वर्षांनी जगातले सर्वोत्तम सिनेमे कोणते याचं मतदान घेतं. 2012 साली त्यात दिग्दर्शकांच्या यादीत 'टोकियो स्टोरी' पहिला होता. हे तिला पाठवावंसं वाटेल, म्हणजे झोप कशावर आली ते तिला कळेल. पाठवू नकोस. एक तर 2022 साली त्याच यादीत पहिला नंबर '2001: अ स्पेस ओडिसी'चा लागला. ज्यांचं आयुष्य सिनेमात गेलं त्यांचीही पसंती दहा वर्षांत बदलते, तर तिला एका संध्याकाळी कंटाळा येण्याची मुभा असायला हवी. आणि दुसरं म्हणजे, मोठ्यांची नावं पुढे केली की समोरचा माणूस गप्प बसतो. तुला ती गप्प बसायला नकोय. तुला तिने विचारायला हवंय, 'तुला त्यात काय दिसलं?'

आवडीनिवडी जुळल्या नाहीत तर गप्पा टिकतात का, अशी शंका तुझ्या पत्रात कुठेतरी आहे. अमेरिकेत जीन सिस्केल आणि रॉजर ईबर्ट हे एकाच शहरातल्या दोन प्रतिस्पर्धी वर्तमानपत्रांचे समीक्षक होते. 1975 पासून ते टीव्हीवर एकत्र बसून सिनेमांवर बोलायला लागले आणि सिस्केल 1999 मध्ये गेले तोपर्यंत बोलत राहिले. कित्येकदा अक्षरशः भांडायचे. लोक ते भांडण बघायलाच बसायचे. त्या भांडणात दम होता, कारण दोघांनी सिनेमा पूर्ण बघितलेला असायचा आणि नुसतं 'आवडला नाही' म्हणून कुणाची सुटका नसायची. काय खटकलं, का खटकलं, ते सांगावं लागायचं. तुमच्या गप्पांत हेच नेमकं बंद पडलंय. तिने 'एवढंच ना?' असं विचारलं होतं, गं. प्रश्नच होता तो. त्याला तू हसणारा चेहरा पाठवलास.

तर आता त्या प्रश्नाचं उत्तर दे. मेसेजवर नको, फोन कर. असं काहीतरी म्हण: 'त्या सिनेमाबद्दल तू विचारलंस तेव्हा मी नीट बोलले नाही. आई गेल्यावर मी तो बघितला होता. म्हातारी गावी परत गेल्यावर आजारी पडते आणि मुलं काळे कपडे सोबत आणायचे की नाही याचा विचार करतात ना, तिथे मला आमचं घर दिसलं. तुला हे आधी सांगायला हवं होतं. तुझा मेसेज वाचून मला फार लागलं.' बस. 'तुला कळलंच नाही' हे शब्द त्यात येऊ देऊ नकोस. मग थांब आणि तिला बोलू दे. तिला वाईट वाटेल, ती गडबडीत 'आज परत बघते' म्हणेल. तिला आजच बघायला लावू नकोस. अपराधी वाटून बघितलेला सिनेमाही पळवल्यासारखाच होतो.

न बघता 'मस्त होता' म्हणत होतीस, हेही याच फोनवर सांगून टाक. रहस्यपटांचा एवढा नाद असलेल्या बाईला संशय आला नसेल असं मला वाटत नाही.

'दृश्यम' मात्र आधी बघ आणि मग फोन कर. तो 2013 सालचा आहे. त्यातला जॉर्जकुट्टी केबल टीव्हीचा व्यवसाय करतो, शाळा फारशी शिकलेला नाही, आणि जे काही शिकलाय ते रात्र रात्र ऑफिसात बसून बघितलेल्या सिनेमांतून. घरावर संकट येतं तेव्हा तीच शिदोरी त्याच्या कामी येते. पुढचं सांगत नाही. पण सिनेमे बघून बघून आपल्या माणसांना जपायला शिकलेल्या माणसाची गोष्ट तुझी मैत्रीण तुला 'बघच' म्हणून का सांगतेय, हे तिला विचार. कदाचित ती म्हणेल, 'भारी आहे म्हणून.' तेही चालेल. त्यातला पूर्वार्ध चांगला संथ आहे. घर, मुली, पोलीस चौकीसमोरच्या गप्पा. तुला तिच्यापेक्षा तोच भाग जास्त आवडण्याची शक्यता आहे, आणि तसं झालं तर तिला जरूर सांग.

यापुढे एखादा सिनेमा तुझ्या फार जवळचा असेल, तर नावासोबत दोन वाक्यं पाठवत जा. मी तो कधी बघितला, आणि तुला का सुचवतेय. 'पहिला अर्धा तास काही घडत नाही, पण थांब' हेही आधीच सांग. बऱ्याच लोकांना तेवढं पुरतं. आई-वडील जाण्याचा विषय असेल तर तेही सांगावं. समोरच्याच्या घरी काय चाललंय हे आपल्याला नेहमीच माहीत असतं असं नाही. आणि 'बघितलास का, बघितलास का' असं मागे लागू नये. शिफारशीची थकबाकी झाली की माणूस वसुलीला घाबरतो आणि मग 'मस्त होता' म्हणायला लागतो. तुला ते अनुभवाने ठाऊक आहे.

संथ सिनेमांवर मनसोक्त बोलायला आणखी एखादं माणूस मिळालं तर तेही शोध. त्यात तिच्याशी बेइमानी नाही. सगळ्या भुका एकाच मैत्रिणीने भागवाव्यात ही अपेक्षा तिच्यावरही जड होते.

आता राहिली एक शक्यता. तू आईचं सगळं सांगितलंस आणि त्यानंतरही ती हसली, टिंगल केली, तर मात्र गोष्ट वेगळी. तेव्हा प्रश्न आवडीचा राहत नाही, आदराचा होतो, आणि तसं तिला तोंडावर सांगण्याचा तुला पूर्ण हक्क आहे. जी बाई रोज रात्री तुला फोन करत होती ती असं करेल, असं मला वाटत नाही.

आणि समजा, काही महिन्यांनी तिने तो नीट, नेहमीच्या वेगाने बघितला आणि तरीही तिला कंटाळा आला, तर येऊ दे. त्या वेळी तिला विचार, नेमका कुठे कंटाळा आला. ती जागा तुम्ही दोघी फोन चालू ठेवून परत लावा, तुला तिथे काय दिसतं ते तू सांग, तिला काय खटकतं ते ती सांगेल. तिचं म्हणणं तुला पटलं नाही तर भांडा.

तुझी,
ताई