चर्चचे लोक परदेशात हिवाळ्यात तातडीची मदत घेऊन जातात, ते नेमकं काय करतात? त्यामागे धर्मांतरच असतं ना?

मी चर्चची नाही. माहेर नगरचं, घरात गौरी-गणपती, आणि 'मिशन कंपाउंड' हे शब्द आमच्याकडे जरा आवाज खाली आणूनच उच्चारले जायचे. तरी उत्तर देतेय, कारण गेली सहा वर्षं अमेरिकेत मिनेसोटात दर मंगळवारी सकाळी मी एका लुथरन (हा प्रोटेस्टंटांचा एक पंथ) चर्चच्या तळघरात बसून गोधड्या करते. त्या पुढे निर्वासितांच्या छावण्यांत जातात. त्यामुळे तुमच्या प्रश्नाच्या पहिल्या भागाबद्दल मला थोडंफार कळतं, आणि दुसऱ्याबद्दल माझं एक मत आहे.

तळघरात पोचले ती कंटाळ्याने. नवऱ्याच्या नोकरीमुळे आलो, माझा व्हिसा एच-४, नोकरीची परवानगी नाही. जानेवारीत बाहेर उणे पंचवीस, घरात मी आणि भिंती. शेजारच्या बाईंनी विचारलं, "शिवता येतं का?" आता नगरच्या पोरीला हे विचारायचं? आजीच्या हाताखाली दोन गोधड्या पुऱ्या केल्या होत्या मी.

तिथे गेले तर दहा-बारा बाया, बहुतेक सत्तरीच्या पुढच्या, लांब टेबलाभोवती. वर जुन्या कापडांचे चौकोन जोडून केलेला थर, खाली चादर, मध्ये भरण. तिन्ही थरांतून जाड दोरा आरपार ओवायचा आणि सहा-सात इंचांवर गाठ मारायची. टाके नाहीतच. गाठ मात्र निरगाठच हवी. सुरगाठ मारलीत तर पहिल्या धुण्यात भरण गोळा होऊन एका कोपऱ्यात बसतं. माप ठरलेलं, ६० इंच बाय ८० इंच. सगळ्यांची घडी सारखी झाली की दाबून गठ्ठे बांधता येतात.

मला अर्थातच आपली कला दाखवायची होती. घरी दीड महिना बसून आईच्या जुन्या सुती साड्यांची गोधडी घातली, बारीक धावदोऱ्याची, कडेने रांगेत टाके. मोठ्या ऐटीत घेऊन गेले. गटातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाई, तेव्हा चौऱ्याऐंशीच्या होत्या, त्यांनी ती हातावर तोलली, गालाला लावली आणि म्हणाल्या, "फार सुंदर आहे. ही आपण पाठवायची नाही." कारणं त्यांनी शांतपणे सांगितली. माप बसत नाही. वजन दुप्पट. सुती थरावर थर, एकदा भिजली की तंबूत आठवडाभर वाळणार नाही. आणि दीड महिन्यात इथे वीस होतात. राग आला होता, खोटं कशाला सांगू. पण चौथा मुद्दा मला खोडता येईना.

आमच्या गोधड्या लुथरन वर्ल्ड रिलीफ या संस्थेकडे जातात. दुसऱ्या महायुद्धाने उद्ध्वस्त झालेल्या युरोपला मदत करायला अमेरिकेतल्या लुथरन लोकांनी ती १९४५ मध्ये काढली. वर्षातून ठरावीक दिवशी एखाद्या चर्चच्या पार्किंगमध्ये ट्रक उभा राहतो, आसपासच्या गावांतली मंडळी आपापल्या गाड्यांतून माल आणून चढवतात. तिथून गोदाम, तिथून कंटेनर, मग जहाज.

आता 'तातडीची' या शब्दाकडे येते. मिनेसोटातली गोधडी कुणाच्याही संकटाच्या पहिल्या रात्री पोचत नाही. ६ फेब्रुवारी २०२३ ला पहाटे सव्वाचारच्या सुमारास तुर्कस्तान-सीरियात भूकंप झाला, बाहेर गोठवणारी थंडी, लोक नेसत्या कपड्यांनिशी रस्त्यावर. त्या रात्री उपयोगी पडतं ते जवळच्या गोदामात आधीपासून पडलेलं पांघरूण, किंवा शेजारच्या शहराच्या बाजारात रोख पैसे मोजून घेतलेलं. म्हणूनच आमची हिवाळ्याची मदत मे-जूनमध्ये शिवली जाते, बाहेर सगळे तळ्याकाठी मजा करत असताना.

शिवाय पांघरूण हा त्यातला एकच भाग. थंडीच्या या सगळ्या तयारीला या कामात 'विंटरायझेशन' म्हणतात: तंबूवर घालायचं प्लास्टिक, शेगडी, रॉकेलचे किंवा भाड्याचे पैसे, मुलांचे बूट. थंडी जमिनीतून वर येते, त्यामुळे दोन पांघरुणं मिळाली तर शहाणा माणूस एक खाली घालतो. दार-खिडकी प्लास्टिकने घट्ट बंद करून आत शेगडी पेटवली तर धुराच्या विषाने माणसं झोपेतच जातात. म्हणजे शेगडी देणाऱ्याने धुराड्याचंही बघायला हवं. आमच्या गोधड्यांचं पुढे काय होतं म्हणाल तर पांघरतात, अंथरतात, दाराला पडदा करतात, एका खोलीत दोन कुटुंबं असली तर मध्ये आडोसा म्हणून टांगतात. आजीच्या घरी याहून वेगळं काय होत होतं?

मिशनरी म्हणाल तर माझ्या ओळखीचं एक निवृत्त जोडपं आहे, मॉर्मन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चर्चचं. पांढरा शर्ट, छातीला नावाची काळी पट्टी लावून दारोदार फिरणारी त्यांची तरुण मुलं तुम्ही पाहिली असतील. ती धर्मप्रचारालाच असतात. पण हेच चर्च निवृत्त जोडप्यांना 'ह्युमॅनिटेरियन मिशनरी' म्हणूनही पाठवतं, आणि खर्च ज्याचा त्याने करायचा. हे दोघं दीड वर्ष जॉर्डनमध्ये अम्मानला राहिले. सीरियन निर्वासितांसाठी जुलै २०१२ मध्ये तिथे झातारी छावणी उघडली आणि पहिल्याच हिवाळ्यात, जानेवारी २०१३ मध्ये, पावसाने तंबू पाण्यात गेले. वाळवंट म्हटलं की आपल्याला ऊनच दिसतं. बहुतेक निर्वासित तर छावणीबाहेर, शहरांतल्या ओल धरलेल्या भाड्याच्या खोल्यांत राहतात. मी त्या जोडप्याला विचारलं, तिथे दिवसभर करायचात काय? बाई म्हणाल्या, "पावत्या तपासायचो." स्थानिक संस्था यादी करते, माल तिथल्याच व्यापाऱ्याकडून घेतात, यांनी गोदामात जाऊन ब्लँकेटं मोजायची, नमुना उलगडून बघायचा, वाटपाच्या दिवशी कोपऱ्यात उभं राहायचं. जॉर्डनमध्ये मुसलमानांत धर्मप्रचार चालत नाही, हे दोघांना पक्कं ठाऊक होतं.

आता धर्मांतर. नगरकर म्हणून तुमचा संशय मला परका नाही. अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ पासून. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मिशनांनी पोरकी मुलं सांभाळली, पुणे जिल्ह्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंनी शेकडो मुली-बायका आणून जगवल्या, आणि त्यातल्या बऱ्याच जणी ख्रिस्ती झाल्या. जगल्या हे खरंच. पण भाकरी देणारा आणि धर्म देणारा हात एकच असला की समोरच्याच्या 'हो'ला कितपत स्वखुशीचं म्हणायचं, हा प्रश्न मला रास्त वाटतो. आजही काही इव्हँजेलिकल, म्हणजे धर्मप्रचारावर भर देणाऱ्या ख्रिस्ती, संस्था मुलांना भेटवस्तूंच्या खोक्यासोबत येशूच्या गोष्टींची पुस्तिका देतात आणि ते लपवतही नाहीत.

तरी सगळ्यांचं एकच गाठोडं बांधू नका. १९९४ मध्ये रेडक्रॉस आणि मोठ्या मदतसंस्थांनी मिळून एक आचारसंहिता केली. मदत गरज बघून द्यायची, आणि ती राजकीय किंवा धार्मिक मताच्या प्रसारासाठी वापरायची नाही, असं त्यात स्पष्ट आहे. ती करणाऱ्यांत कॅथलिकांची मदतसंस्था कॅरितास होती आणि लुथरन चर्चांची जागतिक संघटना लुथरन वर्ल्ड फेडरेशनही. आमच्या तळघरात ते असं दिसतं: गोधडीवर क्रूस चालत नाही, बायबलचं वचन चालत नाही, चर्चचं नाव नाही, कुठल्याही देशाचा झेंडा नाही, लष्करी छापाचं कापड नाही. एकदा कुणीतरी देणगीत आलेलं छोट्या छोट्या क्रूसांचं सुंदर निळं कापड जोडलं होतं. त्याच म्हाताऱ्या बाईंनी, आयुष्यभर एक रविवार न चुकवलेल्या, कात्री घेऊन तो पट्टा उसवला. एखादी संस्था पारखायची असेल तर ती काय देते याच्याआधी काय पाठवू देत नाही ते विचारा.

प्रार्थना होत नाही असं नाही. ट्रक यायच्या आधीच्या रविवारी सगळ्या गोधड्या वर नेऊन बाकांच्या पाठींवर पसरतात, अख्खं चर्च लाल-हिरवं-पिवळं होतं, आणि पाद्री त्यांना आशीर्वाद देतात. मीही मागच्या बाकावर बसते. नंतर कॉफी मिळते, आपल्या मानाने निव्वळ कोमट पाणी. मग घड्या घालून दोन-दोन जणी सगळं गाडीत भरतो.

माझी गोधडी त्या बाईंनी परत दिलीच नाही. तळघरात गार लागतं म्हणून गुडघ्यांवर घेऊन बसतात. मागच्या मंगळवारी एक टाका सुटलेला दिसला, तर म्हणाल्या, तुझं तूच नीट कर, मला गाठीच येतात.