जनुके कविता करतात काय?

गोव्यातल्या डिचोलीच्या एका शिक्षिकेचा प्रश्न. मधुमेहावरच्या भित्तिपत्रकासाठी त्यांनी लिहिले, ‘स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्सुलिनचे जनुक अभिव्यक्त करतात.’ शिक्षककक्षात हशा पिकला: जनुके आता कविता करू लागली काय? म्हणून त्या विचारतात, ‘जीन एक्सप्रेशन’साठी ‘अभिव्यक्ती’ हा शब्द बरोबर आहे का? आणि ‘आयलेट्स ऑफ लँगरहॅन्स’ला काय म्हणावे?

बाई, शब्द खणखणीत आहे. हसू आले ते ‘करतात’मुळे.

इंग्रजी ‘एक्सप्रेस’च्या मुळाशी लॅटिनमधले पिळून बाहेर काढणे आहे, उसाचा रस काढावा तसे. आपला शब्द अभि + वि + अञ्ज् असा. अञ्ज् म्हणजे माखणे, उजळवणे. डोळ्यांतले अंजन, पानातले व्यंजन, व्यक्ती आणि व्यक्त ही सगळी त्याच घरातली भावंडे. सांख्य दर्शनाच्या तत्त्वज्ञांनी तर हा शब्द नेमक्या कामाला लावला होता. कार्य कारणात आधीच असते, ते नव्याने जन्मत नाही, नुसते अव्यक्तातून व्यक्त होते, ती अभिव्यक्ती. कवितेशी या शब्दाची सोयरीक फार नंतरची.

आता पेशीत काय घडते ते पाहा. इन्सुलिनचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर असते आणि ते तुमच्या कातडीच्या पेशीतही आहे, यकृताच्याही. तिथे ते मुके बसलेले असते. बीटा पेशीत मात्र पीडीएक्स-१, माफ-ए यांसारखी प्रथिने त्याच्या तोंडाशी येऊन बसतात, त्याची आरएनए प्रत निघते आणि त्या प्रतीवरून प्रथिन विणले जाते. चवथीला आपल्याकडे घरोघर आरत्यांचे पुस्तक एकच असते, पण घुमट या मातीच्या वाद्यावर थाप पडते ती त्या घरच्या ठरलेल्या आरत्यांना. बाकीची पाने पुस्तकात असतातच. जे आहे तेच प्रकट होणे, याला सांख्यांचा शब्द जितका बसतो तितका उसाच्या घाण्याचा बसत नाही. मूळ इंग्रजीपेक्षा मराठी शब्द सरस निघाल्याची उदाहरणे थोडी. हे त्यातले एक.

राहिले क्रियापद. ‘पेशी जनुक अभिव्यक्त करतात’ हा इंग्रजी वाक्याचा साचा आहे. मराठीत व्यक्त होणारे जनुक, पेशी ही नुसती जागा. म्हणून ‘बीटा पेशींत इन्सुलिनचे जनुक व्यक्त होते’ असे लिहा. शिवाय ठरावीक जनुकाबद्दल बोलताना ‘जनुकीय अभिव्यक्ती’ नको, ‘जनुकाची अभिव्यक्ती’ हवी. ‘जनुकीय’ने कोणते जनुक तेच हरवते. (शेवटची ‘ती’ दीर्घ, समासात मात्र ‘अभिव्यक्तिस्वातंत्र्य’. हा घोळ वर्तमानपत्रेही रोज घालतात.)

‘जनुक चालू होते’ असेही कोणी सुचवतील. बोलताना चालेल. पण हा दिव्याचा खटका नव्हे, पंख्याचा रेग्युलेटर आहे: रक्तातली साखर वाढली की बीटा पेशीत या जनुकाच्या प्रतीही वाढतात. अभिव्यक्ती वाढली, घटली असे म्हणता येते. ‘चालू’ फार तर चालू असते.

आणखी एक गल्लत टाळा. अभिव्यक्ती म्हणजे स्रवणे नव्हे. तयार इन्सुलिन पेशीतल्या इवल्या पुड्यांत साठून राहते आणि साखर चढली की रक्तात सोडले जाते. ग्लुकॅगॉनची, म्हणजे रक्तातली साखर वाढवणाऱ्या संप्रेरकाची, गंमत तर याहून मोठी. त्याचे जनुक स्वादुपिंडातल्या अल्फा पेशींत व्यक्त होते, तसेच आतड्याच्या एल पेशींतही. जनुक एकच, पण त्यातून निघणारे लांब प्रथिन अल्फा पेशीत कापले जाऊन ग्लुकॅगॉन होते, तर आतड्यात वेगळ्या जागी कापले जाऊन जीएलपी-१, ज्याची नक्कल करणारी वजन उतरवण्याची इंजेक्शने हल्ली गाजताहेत. म्हणजे ‘जनुक व्यक्त झाले’ एवढ्याने हातात काय पडले ते कळत नाही.

दुसरा प्रश्न सोपा, आणि गोंयकाराला तर फारच. १८६९ साली बर्लिनमध्ये पाउल लँगरहॅन्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याला स्वादुपिंडात पेशींचे वेगळे पुंजके दिसले. त्यांचे काम काय हे त्याला उमगले नाही. बेटांची उपमा १८९३ मधली, लागेस या फ्रेंच संशोधकाची. पुढे १९०९ मध्ये त्यांतल्या संप्रेरकाला नाव मिळाले तेही लॅटिन ‘इन्सुला’वरून, म्हणजे बेटावरूनच. प्रौढ माणसात अशी सुमारे दहा लाख बेटे असतात, तरी सगळी मिळून स्वादुपिंडाच्या वजनाचा एक-दोन टक्केच भाग.

पुस्तकी शब्द ‘द्वीपके’. पण मांडवीतल्या बेटाला आपण जुवें म्हणतो, कुंभारजुव्याच्या नावातही तेच आहे. भित्तिपत्रकावर ‘लँगरहॅन्सची जुवीं’ असे खुशाल लिहा, खाली बारीक अक्षरात ‘द्वीपके’. यावेळी शिक्षककक्षात कोणी हसले, तर ते फेरीबोटीने येणारे नसणार.