प्लगची पिन चटका देते, काय करू? – वाचकांचे प्रश्न, विजेची उत्तरं

मागच्या अंकात लिहिलं होतं की घरातल्या स्विचबोर्डाबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा, आणि खान्देशातल्या तिन्ही जिल्ह्यांतून इतके प्रश्न आले की सगळे इथे मावणार नाहीत. मी बरीच वर्षं स्विच-सॉकेटच्या टेस्टिंगच्या कामात काढली, त्यामुळे हा विषय माझ्या जवळचा आहे. अमळनेरच्या ताईंचा प्रश्न सगळ्यात आधी घेतो, कारण त्यांना उत्तर लवकर मिळायला हवं.

प्रश्न : भाऊ, माझी एक एचपीची घरघंटी आहे, गल्लीतल्या बायकांचं ज्वारीचं, कळण्याचं दळून देते, दिवसाला चार-पाच तास चालते. सॉकेटच्या एका भोकाजवळ प्लास्टिक तपकिरी पडलंय आणि प्लग काढला की पिन चटका देते. मिस्तरीने सॉकेट नवीन टाकून दिलं तरी सहा महिन्यांत पुन्हा तेच. सासूबाई म्हणतात, काही नही व्हस त्याले. चालू ठेवू का? – एक ताई, अमळनेर

उत्तर : ताई, नका चालू ठेवू. दळण दोन दिवस थांबलं तर चालेल, आजच्या आज तो प्लग काढून ठेवा. सासूबाईंनी आयुष्यभर असेच बोर्ड बघितले असतील आणि काही झालं नसेल, पण तपकिरी डाग म्हणजे आतलं प्लास्टिक भाजायला लागलंय, तो डाग आपणहून परत पांढरा होत नाही.

आता सहा महिन्यांत पुन्हा का झालं ते सांगतो. सॉकेटच्या आत पितळेची नाहीतर फॉस्फर ब्राँझची पट्टी राहते, ती स्प्रिंगसारखी पिनेला घट्ट धरते. पकड चांगली असेल तर करंट आरामात जातो. पकड ढिली झाली किंवा पिन काळी पडली की तिथे अडथळा तयार होतो आणि उष्णता होते करंटच्या वर्गाच्या हिशोबाने, म्हणजे करंट दुप्पट तर उष्णता चौपट. समजा अडथळा फक्त ०.१ ओहम आहे आणि तुमची घरघंटी ६ अँपियर घेते, तर ६ गुणिले ६ गुणिले ०.१, म्हणजे ३.६ वॅट. ऐकायला काहीच नाही, पण ही उष्णता तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत आहे आणि रोज पाच तास आहे. पट्टी तापली की तिची स्प्रिंग मरते, स्प्रिंग मेली की पकड अजून ढिली, म्हणजे अजून उष्णता, असं ते वाढतच जातं.

मिस्तरीने सॉकेट बदललं, पण प्लग जुनाच ठेवला ना? तिथेच चुकलं. जुन्या प्लगच्या पिना काळ्या आणि खडबडीत झालेल्या असतात, त्या नवीन सॉकेटलाही त्याच वाटेला लावतात. सॉकेट आणि प्लग नेहमी जोडीने बदलायचे. तसंच मागची तार, तिचं टोक काळं पडलं असेल तर दोन इंच मागे चकचकीत तांबं लागेपर्यंत कापून मग जोडायची. आणि मिस्तरी काम करत असताना जवळ उभं राहून एक गोष्ट बघाच, टर्मिनलमध्ये, म्हणजे मागे तार स्क्रूने आवळतात त्या जागेत, तार मावत नाही म्हणून तो तारेचे तीन-चार पदर कापून टाकतो का. हे मी इतक्या घरांत बघितलंय की आता बोर्ड उघडला की आधी तेच शोधतो. पदर कापले म्हणजे २.५ स्क्वेअर एमएम जाडीची तार तिथे १.५ ची झाली, आणि ती नेमकी तिथेच तापणार.

तुमच्या कामाला १६ अँपियरचं सॉकेट, १६ अँपियरचा स्विच, मोठ्या पिनांचा १६ अँपियरचा प्लग, आणि एमसीबीपासून (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा मेन बोर्डातला स्विच) वेगळी २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची लाईन, एवढं पाहिजेच. एक एचपीची मोटर चालताना ५ ते ७ अँपियर घेते पण सुरू होताना क्षणभर त्याच्या चार-पाच पट ओढते, तो झटका ६ अँपियरच्या छोट्या स्विचने दिवसातून दहा वेळा का झेलायचा?

बऱ्याच जणांनी विचारलंय की एवढं तापतं तर एमसीबी का पडत नाही. कारण एमसीबीला फक्त जास्तीचा करंट कळतो. ढिल्या जोडात करंट तेवढाच राहतो, ६ चा ६, फक्त त्या जागी आग तयार होत असते. आरसीसीबीलाही, म्हणजे वीज कुठे गळाली की लाईन तोडणाऱ्या स्विचलाही, ते दिसत नाही, कारण गळती काही होत नाहीये. म्हणजे ढिलं सॉकेट पकडणारं घरातलं यंत्र म्हणजे तुमचं नाक आणि तुमचा हात. नवीन बसवल्यावर अर्धा तास घंटी चालवा, मग स्विच बंद करून, प्लग काढून पिनेला बोटाची मागची बाजू लावा. कोमट लागली तर ठीक. बोट ठेववत नसेल तर काम पुन्हा करून घ्या, पैसे दिलेत तुम्ही. आणि पीठ उडतं ते बोर्डावर बसतं, आठवड्यातून एकदा मेन बंद करून कोरड्या ब्रशने झटका, ओलं फडकं बिलकुल नको.

अजून एक, आपल्याकडच्या उन्हाचं. स्विच-सॉकेटच्या सरकारी स्टँडर्डमध्ये टर्मिनलचं तापमान खोलीपेक्षा ४५ अंशांपर्यंत वाढलेलं चालतं. खोलीत २५ असेल तर टर्मिनल ७० ला जाईल. पण मे महिन्यात पत्र्याखाली दुपारी ४५ असेल तर तेच पास झालेलं सॉकेट फुल लोडवर ९० ला जाऊ शकतं, आणि साध्या पीव्हीसी वायरचं इन्सुलेशन असतं ७० अंशांचं. म्हणून खान्देशात १६ च्या सॉकेटवर रोज तासन्‌तास १६ ओढायचे नाहीत, दहाच्या आत ठेवा. वायर घेताना त्यावर एचआर लिहिलेली मागा, ती ८५ अंशांची येते. नुसतं एफआर लिहिलेलं असेल तर ती आग पसरू देत नाही एवढंच, जास्त तापमान सोसते असा त्याचा अर्थ नाही.

प्रश्न : सर, मी आयटीआयला वायरमन ट्रेडला आहे. कंपनीत स्विच नेमका कसा टेस्ट करतात? आम्हाला मल्टीमीटर लावून कंटिन्युइटी बघायला शिकवलं, तेवढं पुरतं का? – विद्यार्थी, शिरपूर

उत्तर : नाही पुरत. कंटिन्युइटी म्हणजे आत्ता, या क्षणी, बिनलोडची जोडणी आहे एवढंच कळतं. मीटर बीप देतो आणि तोच स्विच सहा अँपियरवर दहा मिनिटांत तापतो, असं मी कितीदा बघितलंय.

स्विचसाठी आयएस ३८५४ आणि प्लग-सॉकेटसाठी आयएस १२९३ हे दोन नंबर पाठ कर. स्विचच्या टेस्टला एक मशीन राहतं, त्याचं लोखंडी बोट स्विच चालू-बंद करत बसतं, त्यातून खरा करंट सोडलेला असतो, तोही मोटरसारख्या लोडचा. घरगुती स्विचला असे ४०,००० वेळा. मिनिटाला ३० च्या वेगाने धर, २२ तासांच्या वर काम आहे, रात्रभर लॅबमध्ये तो टक-टक आवाज चालू, आधी डोकं उठायचं, मग सवय झाली आणि आवाज बदलला की बाहेर चहा पितानाही कळायचं की एखादा नमुना गेला. दिवसाला वीस वेळा वापरलास तर ४०,००० म्हणजे साडेपाच वर्षं. सॉकेटमध्ये प्लग ५,००० वेळा घालायचा आणि ५,००० वेळा काढायचा. आणि खरी परीक्षा नंतर आहे, एवढं झिजवल्यावर पुन्हा करंट सोडून तापमान बघतात. नवीन असताना थंड कुणीही राहील, झिजल्यावर थंड राहिला तो स्विच चांगला.

त्याशिवाय ब्रेकिंग कपॅसिटी, म्हणजे सव्वा पट करंट आणि थोडं जास्त व्होल्टेज देऊन २०० वेळा चालू-बंद, कॉन्टॅक्ट चिकटतात का बघायला. मग दमट पेटीत ठेवून बाहेर काढल्यावर ५०० व्होल्ट डीसीवर इन्सुलेशन किमान ५ मेगाओहम पाहिजे, आणि लगेच २,००० व्होल्ट एक मिनिट.

मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ग्लो वायर टेस्ट. लाल झालेली तार, ८५० अंश, ज्या प्लास्टिकने वीज वाहणारा भाग धरलाय त्यावर ३० सेकंद दाबून धरायची. तार काढल्यावर ज्वाळा ३० सेकंदांच्या आत विझली पाहिजे आणि खाली ठेवलेला पातळ कागद पेटता कामा नये. बाहेरच्या नुसत्या प्लेटला ६५० अंश. घरात उद्या जोड ढिला होऊन लाल झाला तर तो तिथल्या तिथे मरतो की पडद्यापर्यंत जातो, याचं उत्तर हीच टेस्ट देते. कामाला लागलास की गिऱ्हाइकाला हे समजावून सांग, वीस रुपये वाचवायला निघालेला माणूस हे ऐकून थांबतो, माझा अनुभव आहे.

प्रश्न : नवीन घर बांधतोय. दुकानदार काडी पेटवून प्लास्टिकला लावून दाखवतो, बघा पेटत नाही म्हणतो. त्यावर विश्वास ठेवावा का? – चोपडा

उत्तर : काडीवर ठेवू नका. वरची प्लेट नाही पेटली तरी आतल्या पट्टीचं, स्क्रूचं काहीच कळत नाही. मालावरच आयएसआय मार्क, वर आयएस नंबर आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स नंबर बघा, तो नंबर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कंपनीचं नाव येतं, ते जुळलं पाहिजे. मग स्विच हातात घ्या, मागचा टर्मिनलचा स्क्रू पितळी आहे का, पूर्ण फिरतो का बघा. सॉकेटमध्ये प्लग घालून बघा, घालताना-काढताना जोर लागला पाहिजे, आणि प्लग धरून सॉकेट हवेत उचललं तर ते गळून पडता कामा नये. बिल घ्या पक्कं. घरात शंभर स्विच लागणार असतील तर चांगल्या मालाचा फरक एका खिडकीच्या ग्रिलएवढाही येत नाही, तिथे नका वाचवू.

प्रश्न : नातू दोन वर्षांचा आहे, सॉकेटच्या भोकात बोट घालतो. शटरवालं सॉकेट घेतलं तर त्यात दोन पिनांचा चार्जर जात नाही, म्हणून मुलगा वरच्या भोकात रिफील घालून चार्जर बसवतो. चालतं का? – एक आजोबा, रावेर

उत्तर : आप्पा, मुलाला आजच सांगा, हे बंद. वरचं भोक अर्थिंगचं असतं, तिथली पिन मुद्दाम लांब ठेवलेली असते, ती आधी आत जाते आणि शटर उघडते. म्हणजे रिफील घातली की पोराच्या संरक्षणासाठी बसवलेलं दार आपणच उघडून दिलं. आणि पोरं जे बघतात तेच करतात, उद्या तो रिफीलच्या जागी खिळा घेईल. आता दोन पिनांसाठी वेगळी भोकं असलेली शटरची सॉकेटं मिळतात, ती एक-दोन बसवा, आणि चार्जरचा बोर्ड जरा उंचावर घ्या.

प्रश्न : कूलरला हात लावला की झिणझिण्या येतात. टेस्टर लावला तर मंद पेटतो. रबरी चप्पल घालून पाणी भरतो. – भुसावळ

उत्तर : चप्पल हा उपाय नाही हो. कूलरचा पत्रा, पाणी आणि ओली फरशी, यापेक्षा वाईट जागा घरात नाही. पाणी भरताना प्लग काढूनच भरायचं, स्विच बंद करून भागत नाही, कारण पुष्कळ जुन्या घरांत स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर लावलेला असतो, म्हणजे कूलर बंद दिसतो पण आत फेज आहेच. पंपाची वायर कुठे सोललीय ते बघून घ्या. सॉकेटच्या वरच्या भोकात अर्थ खरंच आहे का ते मिस्तरीकडून मल्टीमीटरने तपासा, फेज ते अर्थ जवळजवळ फेज ते न्यूट्रल इतकंच व्होल्टेज आलं पाहिजे, न्यूट्रल ते अर्थ दोन-चार व्होल्ट. बिनलोडचं व्होल्टेज बरोबर आलं म्हणजे अर्थ भक्कम असं नाही, त्याचा रेझिस्टन्स वेगळा मोजतात, तेही करून घ्या. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात पाणी टाकायला घरात कुणाला तरी नेमून द्या. आणि ३० मिलिअँपियरची आरसीसीबी बसवा, दर महिन्याला तिचं टेस्ट बटण दाबून बघा. हे होईपर्यंत कूलर लावू नका, शेजारून टेबलफॅन आणा.

प्रश्न : स्विच बंद करताना आत निळी ठिणगी दिसते, घाबरायचं का? – शहादा

उत्तर : पंखा, मोटर बंद करताना बारीक ठिणगी क्षणात दिसून जाते, ते चालतं. पण चर्र असा आवाज राहत असेल, स्विच अर्ध्यात अडकत असेल, जळकट नाहीतर मासळीसारखा वास येत असेल किंवा दिवा लुकलुकत असेल तर मेन बंद करा आणि तो स्विच त्याच दिवशी बदला.