मोटरहोमसाठी (राहण्याची सोय असलेल्या गाडीसाठी) कमी वॅटची विजेची शेगडी घ्यावी का?

फक्त वॅट पाहून घेऊ नका. लिटरभर पाणी २० अंशांवरून उकळीला आणायला साधारण ९३ वॅट-तास लागतातच, शेगडी ५०० वॅटची असो वा १५०० ची. उलट कमी वॅटवर वेळ जास्त लागतो आणि तेवढी उष्णता हवेत जाते. कमी वॅटचा खरा फायदा इन्व्हर्टर आणि वायरिंगला: १२ व्होल्टच्या बॅटरीवर १००० वॅट म्हणजे ८३ अँपिअरहून जास्त करंट. माझी पसंती झाकणबंद इलेक्ट्रिक प्रेशर कुकरला. एकदा प्रेशर आलं की तो फारशी वीज ओढत नाही. इंडक्शन घेतलंत तर सावध, मंद आचेवरही बरेचसे मॉडेल मोठ्या वॅटवरच चालू-बंद होत राहतात. इन्व्हर्टर मात्र प्युअर साइन वेव्हचाच (घरच्या विजेसारखी सुरळीत वीज देणारा) घ्या. मायक्रोवेव्हवरचे ७०० वॅट हे आउटपुट (अन्नाला मिळणारी ताकद) असतं, तो ओढतो हजाराच्या वर!